तार छेडणारे आणि तार जाणणारे

बाहेरगावचा पाहुणा घरी आला की पहिल्या दिवशी त्याला चारमिनार दाखवावा आणि दुसऱ्या दिवशी सालारजंग संग्रहालयात न्यावे, हा हैदराबादच्या जुन्या मराठी कुटुंबांचा रिवाजच होऊन गेला आहे. तेथील चिनी मातीच्या बरण्या, जेडच्या कोरीव वस्तू आणि लाखेचे काम पाहून आपण त्या देशाच्या हस्तकौशल्याची मनापासून तारीफ करतो. परंतु ज्या संस्कृतीने ही भांडी घडविली तिचा नाद कसा होता, हे काचेच्या कपाटात मांडून ठेवता येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही त्या नादाविषयी, म्हणजे बोटांनी वा नखांनी तार छेडून वाजविल्या जाणाऱ्या चिनी वाद्यांविषयी आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या कथांविषयी लिहिण्याचे योजिले आहे. विषय परका भासेल; परंतु थोडे पुढे गेल्यावर तो आपल्याच देवघरातील वीणेपाशी आणि कोपऱ्यातल्या तंबोऱ्यापाशी येऊन पोचतो, असे वाचकांच्या ध्यानी येईल.

एका तबकडीवरील शेजार

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेपलीकडच्या प्रवासास धाडली. प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने अवघ्या पृथ्वीच्या संगीतातून सत्तावीस नमुने निवडून त्या तबकडीवर मुद्रित केले. त्यांत भारताच्या वाट्याला एकच जागा आली आणि ती गोव्यातील केरी या गावी १८९२ साली जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांना मिळाली. भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही त्यांची साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका रॉबर्ट ब्राऊन या संगीतशास्त्रज्ञाने सुचविली होती. चीनच्या वाट्यालाही एकच जागा आली. गुआन पिंगहू यांनी गुछिन या सात तारांच्या वाद्यावर वाजविलेली ‘वाहते पाणी’ ही ती रचना, आणि ती सुचविणारे होते संगीतकार चौ वेन-चुंग.

तबकडीवरील क्रम पाहिला तर आधी ते चिनी वाद्य साडेसात मिनिटांहून अधिक काळ वाजते आणि ते थांबले की लागलीच केसरबाईंचा सूर लागतो. व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले. त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंनी देह ठेवला. गुआन पिंगहू तर १९६७ सालीच निवर्तले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये ते यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. गोव्याची भैरवी आणि चीनची वाहती नदी अशा रीतीने एकमेकींच्या शेजारी तारकांमधल्या अवकाशात चालल्या आहेत. हा शेजार निव्वळ योगायोगाचा. परंतु दोन्ही परंपरांच्या कथा जवळ ठेवून पाहिल्या म्हणजे तो अनाठायी वाटत नाही.

सात तारा आणि एक तार

‘गु’ म्हणजे प्राचीन. मूळ वाद्याचे नाव नुसते ‘छिन’. सुमारे चार फूट लांबीची, लाखेचा लेप दिलेली ही एक पोकळ लाकडी पेटी. वरची फळी हलक्या पावलोनियाच्या लाकडाची, खालची कठीण लाकडाची. तिच्यावर सात तारा ताणलेल्या असतात आणि त्या शतकानुशतके रेशमाच्या असत. सतारीप्रमाणे पडदे नाहीत. स्वरांच्या जागा दाखविण्यासाठी शिंपल्याचे तेरा ठिपके तेवढे बसविलेले असतात. उजव्या हाताने तार छेडायची आणि डाव्या हाताचे बोट तारेवर दाबून घसरवीत न्यायचे. आपल्याकडील मींड आणि घसीट यांच्याशी त्याचे जवळचे नाते आहे. कित्येकदा आघाताचा नाद विरून गेल्यावरही वादकाचे बोट तारेवर सरकतच राहते. तेथे स्वर जवळजवळ ऐकू येत नाही, तो ऐकणाऱ्याने मनात पुरा करावयाचा असतो.

चिनी पंडितांनी या वाद्याच्या प्रत्येक अंगाला अर्थ जोडला. वरची गोलाई म्हणजे आकाश, खालची सपाट बाजू म्हणजे पृथ्वी. लांबीची मापे वर्षाच्या ३६५ दिवसांची. तेरा ठिपके म्हणजे बारा महिने आणि एक अधिक मास. मोकळ्या तारेचा नाद पृथ्वीचा, दाबलेल्या तारेचा माणसाचा, आणि तारेला बोटाचा नुसता हलका स्पर्श करून काढलेला घंटेसारखा नाद स्वर्गाचा.

हे वाचताना आम्हाला देवगिरीचे स्मरण झाले. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, तोवर देवगिरी आणि आपण एकाच राज्यात होतो. त्या देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ सिद्ध केला. शार्ङ्गदेवाचे घराणे काश्मिरातून दक्षिणेत येऊन स्थायिक झालेले, आणि तो स्वतः राजाच्या श्रीकरणात, म्हणजे हिशेबाच्या कचेरीत, अधिकारी होता. परमुलखात वसलेला हा सरकारी नोकर आम्हाला थोडा अधिकच आपला वाटतो, यात नवल ते काय? त्याने आपल्या वाद्याध्यायात एकतंत्री, त्रितंत्री, चित्रा, विपंची, मत्तकोकिला, आलापिनी, किन्नरी अशा अनेक वीणांचे वर्णन केले आणि त्यांत एकाच तारेच्या, बिनपडद्याच्या एकतंत्रीला अग्रपूजेचा मान दिला. तिची दांडी म्हणजे शंकर, तार म्हणजे उमा, भोपळा म्हणजे ब्रह्मदेव, अशी देवतांची स्थापना त्याने तिच्या अवयवांवर केली आहे. तिच्या नुसत्या दर्शनाने आणि स्पर्शाने पुण्य लाभते, असेही तो सांगतो. चीनने वाद्यात पंचांग पाहिले, देवगिरीने दैवते पाहिली; पण वाद्य ही करमणुकीची वस्तू नसून विश्वाची एक लहानशी प्रतिकृती आहे, ही श्रद्धा दोहींकडे सारखीच.

बो या आणि त्याचा श्रोता

‘वाहते पाणी’ या रचनेमागील कथा चीनमध्ये दोन हजार वर्षांहून अधिक काळ सांगितली जात आहे. बो या हा छिनचा थोर वादक. झोंग झीछी हा त्याचा ऐकणारा. पुढच्या कथाकारांनी त्याला साधा लाकूडतोड्या केले आहे. बो याने मनात उंच पर्वत आणून तार छेडली की झीछी म्हणे, ‘अहाहा, केवढा हा उत्तुंग पहाड!’ वाहत्या नदीचे चिंतन करीत वाजविले की म्हणे, ‘केवढा हा विशाल ओघ!’ बो याच्या मनात जे जे येई ते ते झीछीला न सांगता कळे. पुढे झीछी मरण पावला. बो याने तारा तोडल्या, वाद्य फोडून टाकले आणि उभ्या आयुष्यात पुन्हा छिनला हात लावला नाही. ज्याच्यासाठी वाजवावे असा जगात कोणी उरला नाही, एवढेच त्याचे म्हणणे.

या कथेने चिनी भाषेला एक शब्द दिला: झीयिन. त्याचा शब्दशः अर्थ ‘स्वर जाणणारा’. आणि व्यवहारात तो शब्द जिवलग मित्रासाठी वापरतात. आपल्या काव्यशास्त्रातील ‘सहृदय’ आणि बैठकीतला ‘जाणकार’ हे याच कुळातले. परंतु एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. आपल्या कथा बहुधा गाणाऱ्याच्या सामर्थ्याच्या असतात. कुणी दीप उजळला, कुणी मेघ आणला. चिनी कथांचा नायक पुष्कळदा ऐकणारा असतो. दुसऱ्या शतकातील त्साइ योंग या पंडिताची गोष्ट पाहा. चुलीत जळणाऱ्या एका ओंडक्याचा तडतडाट ऐकून हे लाकूड वाद्यासाठी उत्तम आहे, हे त्याने ओळखले. ते विस्तवातून बाहेर ओढून त्याने त्याचे छिन करविले आणि त्याच्या एका टोकाला जळल्याची खूण तशीच राहू दिली. ‘होरपळल्या शेपटीचे छिन’ म्हणून ते वाद्य प्रसिद्ध झाले. लाकडाचे सरपण व्हायचे की वाद्य, हे तेथे एका कानाने ठरविले.

पीपा: वाटसरू वाद्य

दुसरे वाद्य पीपा. नावावरून आपल्याकडच्या कोणाला रॉकेलचे पिंप आठवले तर तो दोष त्याचा नव्हे. पण त्या नावाची चिनी उपपत्ती मोठी गोड आहे. हात बाहेर नेत तार छेडली की ‘पी’ आणि आत घेत छेडली की ‘पा’. सतारीच्या ‘दा’ आणि ‘रा’ या बोलांसारखेच हे. चार तारांचे, उभ्या चिरलेल्या पेरूच्या आकाराचे हे वाद्य मूळ चीनचे नव्हे. मध्य आशियातून व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर ते तेथे आले आणि तेथलेच होऊन गेले.

त्याच्याबरोबर आणखीही काही आले. ५६८ साली उत्तर चौ घराण्याच्या सम्राटाशी एका तुर्क राजकन्येचा विवाह झाला. तिच्या लवाजम्यात कुचा या मरुद्यानाच्या नगरातला एक पीपावादक होता. चिनी इतिहासात त्याचे नाव सू झीपो असे येते. ते संस्कृत ‘सुजीव’ असावे, असे विद्वान मानतात. त्याने दरबाराला सात स्वरांची जी व्यवस्था सांगितली, तिची नावे चिनी बखरीत उतरवून ठेवलेली आहेत. आणि ती उलगडली तर त्यांतून षड्ज, पंचम, कैशिक, साधारित अशी आपली नावे निघतात. यांतील काही तमिळनाडूतील कुडुमियानमलै येथील सुमारे सातव्या शतकातल्या शिलालेखातही कोरलेली आढळतात. म्हणजे बौद्ध भिक्षूंबरोबर जशी सूत्रे गेली, तसे आपले स्वरही एका परदेशी वादकाच्या पाठीवरून चीनला जाऊन पोचले होते.

पीपाची सर्वांत हृद्य कथा मात्र एका बदली झालेल्या सरकारी अधिकाऱ्याची आहे. बाइ जूयी हा थांग काळातला थोर कवी राजधानीत मानाच्या पदावर होता. ८१५ साली वरिष्ठांची गैरमर्जी होऊन त्याची दूरच्या एका जिल्ह्यात कनिष्ठ जागेवर रवानगी झाली. पुढल्या वर्षी शरदातल्या एका रात्री नदीकाठी पाहुण्याला निरोप देताना पलीकडच्या नावेतून पीपाचा आवाज आला. ऐकताच त्याने ओळखले की ही बोटे राजधानीच्या घराण्याची आहेत. वादिकेला त्याने आग्रहाने बोलावून घेतले. ती एके काळची राजधानीतली नामांकित कलावती. वय उलटल्यावर एका व्यापाऱ्याची बायको होऊन या आडगावी आलेली, आणि नवरा चहाच्या खरेदीसाठी गेलेला. दोघांनी एकमेकांना पूर्वी कधी पाहिलेही नव्हते. पण दोघेही एकाच गावाला मुकलेले! ‘पीपाचे गीत’ या त्याच्या दीर्घ कवितेच्या शेवटी त्या मैफलीत सर्वांहून अधिक अश्रू ढाळणारा श्रोता तो स्वतःच आहे. ज्या घरांतून एकेकाळी पुण्या-सोलापूरकडची भावगीते रेडिओवर कान देऊन ऐकली जात, त्या घरांना ही कथा निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

हरवलेली रचना, सापडलेली रचना

तिसऱ्या शतकात जी कांग नावाचा तत्त्वज्ञ होऊन गेला. वेळूच्या बनात जमणाऱ्या सात विद्वानांपैकी तो एक. सत्ताधाऱ्यांची खुशामत करणे त्याला जमले नाही आणि त्याला देहान्ताची शिक्षा झाली. तीन हजार विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. वधस्तंभापाशी त्याने सावल्यांकडे पाहून वेळ किती उरला याचा अंदाज घेतला, छिन मागवून घेतले आणि ‘ग्वांगलिंग सान’ ही रचना वाजविली. एकाने ती पूर्वी शिकायला मागितली होती आणि आपण दिली नाही. आता ती आपल्याबरोबर संपली, असे उद्गार त्याने काढल्याचे सांगतात.

आपल्या घराण्यांच्या इतिहासात असे प्रसंग का थोडे आहेत? खुद्द केसरबाईंनी उस्ताद अल्लादियाखाँ यांच्यापाशी वर्षानुवर्षे कठोर तालीम घेतली. पण ध्वनिमुद्रिका मोजक्याच दिल्या आणि विद्या मनापासून दिली ती एका धोंडूताई कुलकर्णींना. धोंडूताई २०१४ साली गेल्या.

‘ग्वांगलिंग सान’चे नशीब मात्र बलवत्तर. १४२५ साली मिंग घराण्याचा राजपुत्र झू छ्वान याने प्रसिद्ध केलेल्या संग्रहात तिची लिपी उतरलेली होती. ही लिपी मोठी विलक्षण आहे. कोणत्या बोटाने, कोणती तार, कोणत्या ठिपक्यापाशी, कशी छेडावी हे ती सांगते. पण स्वर किती वेळ धरावा आणि लय कोणती, हे सांगत नाही. म्हणून जुनी लिपी वाचून एक रचना वाजती करणे म्हणजे कित्येक महिन्यांची, प्रसंगी वर्षांची तपश्चर्या. १९५० च्या दशकात ती गुआन पिंगहू यांनी केली आणि पाचशे वर्षे कागदावर निजलेली ‘ग्वांगलिंग सान’ पुन्हा नादरूप झाली.

१९५६ साली झा फूशी आणि त्यांचे सहकारी छिनवादकांच्या शोधार्थ गावोगाव फिरले. एवढ्या अफाट देशात वादक सापडले ते शंभराच्या आतच! त्यांचे वादन त्यांनी मुद्रित केले आणि जुन्या पोथ्या गोळा केल्या. शासकीय सेवेत दौऱ्यांची आणि पाहण्यांची बाडे आम्हीही पुष्कळ पाहिली आहेत. परंतु ज्या पाहणीमुळे एक कला वाचली, असे बाड विरळा. कारण दहाच वर्षांनी सांस्कृतिक क्रांतीचे वादळ आले, छिन ही सरंजामी वर्गाची खूण ठरली, वाद्ये फोडली गेली आणि रेशमी तारा मागे पडून पोलादी तारा आल्या. पुढे २००३ साली युनेस्कोने या कलेचा मानवजातीच्या वारशात समावेश केला, तेव्हा जगाला दाखविण्याजोगे जे उरले होते त्यात या पाहणीचा वाटा मोठा होता.

हेच काम आपल्याकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी केले. वकिली सोडून ते देशभर हिंडले, खाँसाहेबांकडून चिजा मिळविल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत त्या स्वरलिपीसह छापल्या. त्यांनी ज्यांना मान दिला अशा ग्रंथकारांत आपल्या हैदराबादेतील काशीनाथशास्त्री अप्पा तुलसी होते. ‘रागकल्पद्रुमांकुर’ आणि ‘अभिनवतालमंजरी’ हे त्यांचे संस्कृत ग्रंथ. या शहरात त्यांचे नाव आज किती जणांना आठवते?

आपल्या कोपऱ्यातला तंबोरा

आता घराकडे वळू. मिरजेस सुमारे १८५० पासून शिकलगारांच्या घराण्यांनी तंबोरे आणि सतारी घडविल्या. तलवारींना धार लावणारे हे कारागीर. शस्त्रांचे दिवस संपत आले, संस्थानिक पटवर्धनांच्या आश्रयाने फरीदसाहेब शिकलगार वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि पुढे स्वतःच वाद्ये घडवू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुनाचे लाकूड आणि घोडीवर तारेखाली सरकवायचा तो जवारीचा दोरा! चीनने रेशीम ताणून त्याची तार केली. आपण एक दोरा तारेखाली सरकवून तिला बोलते केले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हैदराबादच्या जुन्या मराठी वस्त्यांत, सुलतान बाजारापासून काचीगुड्यापर्यंत, मिरजेचा तंबोरा ही घराच्या प्रतिष्ठेची वस्तू असे. गणेशोत्सवात तो गवसणीबाहेर निघे. नामसप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नसत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाई आणि पहारा बदलला तरी तार थांबत नसे. त्या वीणेवर कोणी राग वाजवीत नाही. तिचे काम एवढेच की स्वर अखंड राहावा. आमच्या मते परंपरा या शब्दाची याहून चांगली व्याख्या सापडणे कठीण.

याच शहरात ३० नोव्हेंबर १९३४ रोजी पंडित मोतीराम यांची निजाम उस्मान अली खान यांच्या दरबारी नेमणूक व्हावयाची होती. त्याआधी काही तास त्यांचे प्राण गेले. त्यांचे पुत्र पंडित जसराज तेव्हा अवघे चार वर्षांचे होते. व्ही. शांताराम यांचे हे जावई १९७२ पासून त्या पुण्यतिथीला येथे संगीत समारोह भरवीत आले. बो याने श्रोता गेला म्हणून वाद्य फोडले. येथे गायक गेला आणि त्याच्या नावाने श्रोते जमत राहिले. जसराजही २०२० साली गेले.

वाडे जाऊन सदनिका आल्या. तंबोऱ्याला उभे राहायला कोपरा उरला नाही. तो माळ्यावर आडवा झाला, किंवा कुणा संस्थेला देऊन टाकला गेला. षड्ज आता इलेक्ट्रॉनिक डबीतून किंवा मोबाइलमधून मिळतो. त्याबद्दल आमची तक्रार नाही. छिननेही पोलादी तार पत्करली आणि ते जगले. खंत वेगळीच आहे. तार छेडणारे आजही आहेत, आपल्या नातवंडांत उत्तम गाणारी मुले-मुली आहेत. परंतु भैरवी कोठे लागली हे ओळखून मान डोलावणारा शेजारचा काका, जागा चुकली की जपमाळ थांबवून पाहणारी आजी, हे झोंग झीछी झपाट्याने कमी होत आहेत. जे गाण्याचे तेच भाषेचे. मराठी लिहिणारे या शहरात निपजतील. पण कोणता शब्द कोठून आला आणि कोठे खटकला, हे जाणणारे कान उरले नाहीत तर त्यांनी लिहावे कोणासाठी?

यावर उपाय मोठा नाही आणि खर्चाचाही नाही. ज्यांच्या माळ्यावर तंबोरा असेल त्यांनी तो उतरवून तारा बदलून घ्याव्यात, जवारी लावून घ्यावी आणि आठवड्यातून एकदा घरातल्या लहानग्यास जवळ बसवून नुसता वाजू द्यावा. त्याला गाता आलेच पाहिजे असे नाही. खर्ज आणि जोड यांतला भेद त्याच्या कानाला कळू लागला, तरी एक श्रोता तयार झाला असे समजावे. दूरच्या अवकाशात त्या दोन सुरांना श्रोता भेटेल तेव्हा भेटेल. येथल्या तारेला तो घरातच भेटावयास हवा.